ओव्हनमध्ये ठेवलेला गोळा

पाव करायला शिकले ते काही पावाच्या हौसेने नाही. माझ्या थोरल्याने तोंडावर सांगितलं होतं, "आई, आता नवीन काही तुला जमायचं नाही. जुनंच विसरायला लागलीस." का, तर माझ्या हातून दूध करपलं. दूध गॅसवर असताना फोन कुणी केला होता? यानेच. आपल्या साहेबाचं रडगाणं कुणी ऐकवत बसलं होतं? यानेच. पातेलं काळं झालं आणि त्या दिवसापासून याने एकच धोशा लावला. आईला एकटं ठेवणं धोक्याचं आहे, आईने घर भाड्याने द्यावं आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहावं. त्या मागच्या खोलीत त्याची व्यायामाची सायकल आहे आणि खिडकी उघडली की समोर भिंत. सोमवारी दलाल माझं घर बघायला येणार, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नाही, फक्त कळवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी जीभ आवरली आणि म्हटलं, "रविवारी तू आणि धाकटी जेवायला या. ओट्सचा पाव मी घरी करून घालते. आजवर कधी केला नाही. जमला, तर दलालाला येऊ नको म्हणून सांगायचं."

तो हसत "बरं" म्हणाला. लहान पोराला गप्प करायला म्हणतात ना, तसं.

आयुष्यभर मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफेच्या इस्त्रीवर उभी राहिले. एक चादर करपू दिली नाही. पण पीठ ही वेगळीच भानगड निघाली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहते, तिला पाव करता येतो, म्हणून तिच्याकडून शिकले. पहिल्या खेपेला ओट्सवर उकळतं पाणी ओतलं आणि तसंच गरमागरम यीस्टही घातलं. गोळा दिवसभर मख्खासारखा बसून राहिला. नर्सबाई म्हणाली, "अहो, यीस्ट जिवंत असतं. तुम्ही त्याला उकळून मारलंत." दुसऱ्या खेपेला ओट्स निवू दिले, पण पीठ हाताला असं चिकटायला लागलं की मी वरून कोरडं पीठ घालत गेले, घालतच गेले. भाजून निघाली ती वीट. वरून खाली टाकली असती तर कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. "चिकटू द्या हो," नर्सबाई म्हणाली. "ओट्सचं पीठ चिकटणारच. हात ओला करा, पीठ वाढवू नका."

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. माझं स्वयंपाकघर गारठलेलं असतं, तिथे पीठ फुगत नाही. म्हणून वाडगा ओव्हनमध्ये ठेवायचा. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. त्या दिव्याची ऊब पुरते.

रविवारी सकाळी मी सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं. ओट्स बोट घालून बघितले, कोमट झाल्यावरच यीस्ट घातलं. हात ओला करून मळलं. मोठा स्टीलचा वाडगा माझ्याकडे नाही, म्हणून गोळा प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि ओव्हनमध्ये सरकवला. थोड्या वेळाने दार उघडून बघते तर गोळा फडक्याला टेकलेला. मला इतका आनंद झाला की एकटीच हसले. आता हा भाजला की दलालाचं तोंड बघायला नको.

धाकटी लेक वेळेच्या आधीच आली. तिचं हे नेहमीचं. आली की पदर खोचायची आणि न सांगितलेली कामं करत सुटायची. मी म्हटलं, "बस जरा. कशाला हात लावू नकोस. मी गच्चीवर कपडे वाळत घालून येते."

कपडे वाळत घालून खाली येते तर जिन्यातच वास. जळक्या प्लास्टिकचा, घशात बसणारा. धावत आत गेले. स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि धाकटी खिडकीशी उभी राहून टॉवेल हलवतेय. "आई, मी म्हटलं ओव्हन तापवून ठेवावा," ती म्हणाली. "तुझा वेळ वाचेल म्हणून."

आत न बघता हिने बटण फिरवलं होतं. तेही अगदी शेवटपर्यंत. मी ओव्हन बंद केला आणि दार उघडलं. वाडगा वितळून जाळीतून खाली ओघळला होता. फडकं काळंठिक्कर. गोळ्याच्या वर कोळसा आणि खाली प्लास्टिक. मी फडकी घेऊन तो गोळा ओढून काढत होते, नेमका तेव्हाच थोरला दारात उभा राहिला.

त्याने धूर बघितला, मला बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "आई, हेच म्हणत होतो मी."

"मी ओव्हन लावला नाही," मी म्हटलं.

"बरं. नसशील लावला." आणि माझ्या हातातली फडकी हळूच काढून घेतली. त्याचा तो मऊ आवाज ऐकून माझं डोकं सणकलं. भांडला असता तर परवडलं असतं. हा माझी समजूत काढत होता.

मी धाकटीकडे बघितलं. ती टॉवेलची घडी घालत उभी. मी बघतच राहिले. मी तिचं नाव घेणार नव्हते. मी सांगितलं असतं तर तो तिच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला असता, बघ, आता तुझ्यावर ढकलतेय.

शेवटी ती पुटपुटली, "दादा, मी लावला ओव्हन. आत बघितलंच नाही."

"तू?" थोरला हसला. खरंच हसला. "अगं, होतं असं. घाईत कुणाचंही होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता तिला म्हणालास ते. तिच्या हातून जळलं की घाई आणि माझ्या हातून जळलं की वय? माझं दूध करपलं तेव्हा 'होतं असं' का नाही सुचलं तुला?"

"आई, मला तुझी काळजी वाटते म्हणून..."

"वाटू दे. दलालाला फोन लाव."

धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस, तुझ्यावर राग नाही." मग म्हटलं, "आहे, पण थोडा."

थोरल्याने फोन काढला आणि तसाच हातात धरून राहिला. "पण आई, ठरलं होतं ना? पाव जमला तर. पाव तर झालाच नाही."

मी त्या जळक्या गोळ्याकडे बघितलं. एवढे दिवस ओट्समध्ये बोटं घालून बघत होते, रात्रीची झोप उडाली होती, कशासाठी? माझ्याच घरात राहायला मिळावं म्हणून माझ्याच पोरासमोर परीक्षा द्यायला मी निघाले होते. तीही आपणहून. याने मागितलीसुद्धा नव्हती. मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आला.

"पाव होवो नाहीतर करपो," मी म्हटलं. "उद्या पुन्हा दूध करपेल, परवा भात करपेल. घर माझं आहे. मी इथेच राहणार. लाव फोन."

त्याने लावला. "हां, सोमवारचं जरा... आईचं अजून ठरत नाहीये..."

"ठरलंय," मी म्हटलं. "नीट सांग."

तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "घर द्यायचं नाहीये. नाही, पुढेही नाही." आणि फोन खिशात टाकला.

दोघांना मी ओव्हन खरवडायला बसवलं. जेवायला उकडलेली अंडी केली. माझा राग अजून उतरला नव्हता.