दुभाषी

नवरा, धाकटा दीर आणि मी, आम्ही तिघं परक्या देशात एकाच लॉन्ड्रीत कामाला. दिराने तापलेल्या इस्त्रीवर स्वतःचा तळहात दाबून धरला. कातडी सोलली तरी काढेना.

दवाखान्यात तो मराठीत म्हणाला, "कानात सारखं कुणीतरी सांगतं, दादाला मार."

दुभाषी माझा नवरा. त्याने डॉक्टरला त्यांच्या भाषेत सांगितलं, "हात घसरला म्हणतोय." मेला इज्जतीचा पुळका! भाऊ वेडा निघाला तर गावात तोंड कसं दाखवायचं? मी बोलायला गेले, तर माझ्यावरच डोळे वटारले. मलम घेऊन घरी आलो.

काल दिराने त्याच इस्त्रीने नवऱ्याचा जबडा फोडला. फरशीवर रक्त आणि दातांचा सडा.

आज समोर तोच डॉक्टर आहे. नवरा हातानेच घसरल्याची खूण करतोय, कारण तोंड तारांनी बांधलंय.

आता दुभाषी मी.