लसींच्या फ्रीजमधली पावलं

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, पण माझ्याकडे थंड पाणी मागायला येऊ नका. आंबा, दही, बर्फ यांतलं काहीही आजवर माझ्या पोटात गेलेलं नाही. एकदा आमच्या डॉक्टरबाईंचे यजमान शरदराव श्रीखंडाचा डबा घेऊन आले, तेव्हा बाईंनी त्यांना असं झापलं, की रेल्वेतले एवढे मोठे इंजिनिअर डबा घेऊन निमूट स्वयंपाकघरात गेले. मी फक्त लहान मुलांच्या लसी सांभाळतो. त्याचा मला गर्व आहे, आणि असला तर असू दे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझा पत्रा वाकवला, पोटात नळ्या बसवल्या, अंगाला पांढरा रंग दिला. मग ट्रकमध्ये हादरे खात मी लखनऊला आलो. तिथल्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत डॉ. अनघा केतकर यांचा दवाखाना आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. बाई मूळच्या मिरजेच्या. शरदरावांच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. कोणाचा ताप, कोणाच्या आजीचे गुडघे, कोणाच्या बाळाची लस, सगळं त्या एकट्या बघत. माझं तापमान मात्र त्या न चुकता तपासत आणि म्हणत, "हा माझा सगळ्यात शहाणा पेशंट." मी सुखावून आणखी नेटाने घरघरत असे.

आता एक गोष्ट सांगतो. तुम्हाला भीती वाटली तर वाटू दे, मलाही वाटली होती.

माझ्यात ठेवलेली लसीची बाटली कोणत्या तरी मुलासाठी आलेली असते. ते मूल येईपर्यंत त्याचा आवाज माझ्यात राहतो. कोणी अंगठा चोखत असतं, कोणी झोपेत कुरकुरत असतं. मूल येतं, सुई टोचली जाते, ते भोकाड पसरतं, आणि त्याचा आवाज माझ्यातून निघून जातो. मग मला हलकं वाटतं.

सरोजिनी नगरच्या सरलाचा मुलगा ऋषभ खोकला झाला म्हणून दवाखान्यात आला होता. तो नुकताच चालायला लागला होता आणि त्याच्या पायात चुईं चुईं वाजणारे बूट होते. गावी राहिल्यामुळे त्याची गोवराची लस राहून गेली होती. बाईंनी त्याच्यासाठी बाटली मागवली आणि खोकल्याचा जोर ओसरला की त्याला घेऊन यायला सरलाला सांगितलं. बाटली माझ्यात आली आणि त्याच दिवसापासून माझ्या आत बूट वाजू लागले. भर दुपारी, उन्हाने खोली उजळलेली असताना, बंद दाराआड चुईं, चुईं.

बाकावर बसलेले पेशंट वळून बघत. बाईंना वाटलं, मोटर बिघडली. त्यांनी जगदीश मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मला मागून उघडलं, सगळीकडे बघितलं, मग माझ्या दाराला कान लावला आणि चटकन मागे सरले.

"मैडम, मशीन तो एकदम ठीक है," ते म्हणाले. "पर लगता है अंदर कोई बच्चा चल रहा है."

आणि ते चहाही न घेता निघून गेले.

त्याच सुमारास सरोजिनी नगरात गोवराचे पेशंट निघाले. बाईंचा जीव खालीवर होऊ लागला. समोर पेशंटची रांग, आणि लस राहिलेल्या प्रत्येक घरी फोन करायचा, तर करणार कोण? म्हणून त्यांनी शरदरावांची भाची नयना हिला सांगलीहून बोलावून घेतलं. पोरगी हुशार, पण तिची हिंदी शाळेतल्या पुस्तकाएवढीच.

तिने सरलाला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"आंटी, ऋषभ का टीका?" टीका म्हणजे लस, एवढं हिंदी तिला येत होतं.

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, पोराचं रडणं. त्यातून सरला ओरडली, "कल!" आणि फोन कटला.

नयना म्हणाली, "मामी, ऋषभचं काल झालं म्हणे. दुसरीकडे दिली असेल."

"बरं झालं बाई," अनघाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

मित्रांनो, काल म्हणजे कल, हे नयनाला शाळेत शिकवलं होतं. उद्या म्हणजेही कलच, हे त्या घाईत तिच्या ध्यानात आलं नाही. आणि पुन्हा फोन करायला कोणाला फुरसत होती?

माझ्या आतले बूट आता धावू लागले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. मी जिवाच्या आकांताने थरथरलो, पण व्होल्टेज कमीजास्त होतंय असं वाटून नयनाने मला एक थाप मारली. मग एका दुपारी आवाज थांबला. बाटली जागेवर होती, मूल आलं नव्हतं, तरी आत शांत झालं. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. त्या शांततेची मला आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सरला ऋषभला कुशीत घेऊन धावत आली. अंगभर पुरळ, डोळे लाल, अंग तव्यासारखं तापलेलं. बाईंनी त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात नेलं. ऋषभ वाचला. पण त्या आजाराने त्याचे दोन्ही कान गेले.

"मैंने तो कहा था, कल लाऊँगी," सरला रडत म्हणाली. "फिर ननद की शादी का कपड़ा लेने अमीनाबाद जाना पड़ गया, और बात रह गई."

नयनाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "तू एकटी नाही चुकलीस गं. हे काम एका डॉक्टरच्या आवाक्यातलं नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं."

त्यांनी आसपासच्या डॉक्टरांना गाठलं. सगळ्यांनी मिळून शर्मिष्ठा नावाच्या बाईंना नेमलं. त्या आळीपाळीने सगळ्या दवाखान्यांत बसतात, घरोघरी फोन करतात, आणि मूल आलं नाही तर पुन्हा करतात. कोणी "कल" म्हटलं की त्या विचारतात, "बीता हुआ कल या आने वाला? दिन बताइए." नयना शेजारी बसून शिकते. डॉक्टरांना उसंत मिळाली, मुलं वेळेवर येऊ लागली, आणि मीही बराच शांत झालो.

आज सकाळी सरला आपल्या नव्या तान्ह्या मुलीला घेऊन आली, अगदी ठरल्या दिवशी. बरोबर ऋषभही होता. त्याने माझ्या दारावर तळहात टेकला. माझी घरघर त्याला ऐकू येत नाही, पण हाताला कळते. तो खुदकन हसला. माझ्या पत्र्याला काय वाटलं, ते मला सांगता येत नाही.

मग त्याचं हसू मावळलं. त्याने हात हळूहळू खाली सरकवला, सगळ्यात खालच्या कप्प्यापर्यंत. आईचा पदर ओढून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि दोन बोटांची पावलं करून हवेत चालवली.

"क्या है रे उसमें?" सरलाने विचारलं.

बाईंना जगदीश मिस्त्रींचे शब्द आठवले. त्यांनी माझं दार उघडलं. खालच्या कप्प्यात एकच बाटली होती. तिच्यासाठी अजून कोणी आलं नव्हतं. हातातली सुई बाजूला ठेवून त्यांनी स्वतः फोन उचलला.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला पुसू नका, माझं कौतुकही करू नका. फक्त घरी धाकटं भावंड असेल, तर आईला आजच्या आज विचारा, त्याची लस राहिली तर नाही ना? फोनची घंटा वाजते आहे, पलीकडून कोणी उचलत नाही. ऋषभचा हात अजून माझ्या दारावर आहे, आणि माझ्या आत कोणाचं तरी मूल चालतं आहे.