दोन कलशांतलं दूध

"फाटनं! बठ्ठं दूध फाटनं!"

मारुतीच्या पारावर सगळं दूध फाटल्याची ओरड उठली आणि सारिकाने कडेवरचं तान्हं लेकरू छातीशी घट्ट धरलं. कलशांतून कौल सांगणाऱ्या कलशबाबापुढे तांब्याचे दोन कलश होते. एकाच पातेल्यातलं कढत दूध त्याने दोन्हींत ओतलं होतं. 'आहे तसंच' असं नाव दिलेल्या कलशात ते चांगलं राहिलं, 'संघात' नावाच्या कलशात गुठळ्या झाल्या.

गावच्या दूध सोसायटीने विभागाच्या दूध संघात जायचं का, ते उद्या ठरणार होतं. संघाचे धुळ्याचे साहेब जनावरं, दुधाचं फॅट, दूध थंड ठेवायची सोय, सगळं तपासून 'गाव तयार आहे' म्हणून गेले होते.

"साहेब मशीनने फॅट मोजतात, मी शनीची नजर मोजतो!" बाबा गरजला. "गाव कच्चं आहे! संघात गेलात, तर अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या पोटातही दूध असंच फाटेल!"

आजवर गावाचं सगळं दूध उचलणारा व्यापारी भाईदास सर्वांआधी पाया पडला.

तेवढ्यात लेकराने सारिकाच्या खांद्यावर दूध टाकलं. पांढऱ्या गुठळ्या.

"माय व! पोऱ्याना पोटमाबी फाटनं!" सासूबाई, प्रमिलाबाई, मटकन खाली बसल्या. बाया सारिकापासून दोन पावलं मागे सरल्या.

सारिकाही घाबरून खांद्यावरच्या गुठळ्यांकडे पाहू लागली. पण हे तर तो जन्मल्यापासून टाकतोय, असंच! पोटातल्या आंबटाने दूध फाटतं, कॉलेजात शिकलो होतो आपण. मग कलशात आंबट कुठून आलं?

ती पुढे झाली आणि 'संघात'च्या कलशाच्या काठाखाली, दूध पोचलं नव्हतं तिथे बोट फिरवून चाटलं. दात आंबले.

"लिंबूसत्त्व! आत्याबाई, चाखून पाहा."

"तीर्थ आहे ते! बाटवू नकोस!" बाबा ओरडला.

प्रमिलाबाईंनी चाखलं, तोंड वाकडं केलं. मग कोणाला न विचारता तोच कलश राखेने खसाखसा घासला, धुतला आणि पातेल्यातलं उरलेलं दूध त्यात ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. दूध फाटलं नाही.

"काय रे बाबा, शनी राखनी धुवाई गया का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

भाईदास गर्दीतून केव्हाच निसटला होता.

"संघात जायचं नसेल तर नका जाऊ," सारिका म्हणाली, "पण साहेबांनी तपासलंय ते वाचून, आपसांत भांडून ठरवा. कलशाला काय विचारता?"

घरी जाताना लेकराने पुन्हा दूध टाकलं आणि तिच्या अंगावर काटा आलाच. तिने खांदा पुसला, त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. भीती अशी लगेच जात नाही. ती आली, की आधी कलशात बोट घालून बघावं.