जिरणारी पट्टी

आमचे हे सेंट्रिंगचे ठेकेदार. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू उभे करायचे आणि काँक्रीट पक्कं झालं की ते काढून न्यायचे, हा यांचा धंदा. टेकू कसा काढावा हे साऱ्या जगाला शिकवणाऱ्या या माणसाने मध्यंतरी एक टेकू काढला तो थेट स्वतःच्या डोळ्याखाली मारून घेतला. कौतुक करावं तेवढं थोडंच!

डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला आणि डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकला. वर पाहिलं की एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. "काही झालेलं नाही," असं म्हणत हे वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि मोठ्या ऐटीत हवा धरून खाली उतरले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, "तळाला एक पातळ पट्टी बसवू. हाड भरून येईपर्यंत ती आधार देईल, मग हळूहळू अंगातच जिरेल."

"जिरेल? आजवर आमची कुणी जिरवली नाही!"

"तुमची नाही हो, पट्टी जिरेल."

"मग नकोच. जिरतं ते कसलं मटेरियल? पोलाद घाला. दोन पिढ्या टिकेल."

दोन पिढ्या! हा डोळा पुढे नातू वापरणार असावा.

"उशीर केलात तर स्नायू तिथेच चिकटेल आणि मग दोन दिसणं कायमचं होईल," असं बाईंनी बजावलं. पण घरी आमच्या नणंदबाई तयारच होत्या. "दादा, पट्टी जिरली की डोळा गालात उतरेल हो!" घरात तेवढा एक सर्जन कमीच होता.

मला मात्र खरंच भीती वाटत होती. हा माणूस शिडी चढताना वरच्या दोन पायऱ्यांपैकी खोटीला हात घालील, हे डोळ्यांपुढून हलेना. शेवटी जेवताना विचारलं, "तुम्ही टेकू काढता तेव्हा स्लॅब डोक्यावर पडतो का हो?"

"वेडी आहेस का? तोवर तो स्वतःच्या जिवावर उभा असतो. टेकू काय जन्मभर ठेवायचे असतात?"

"मग डोळ्याखालीच का ठेवायचे?"

सकाळी उठून यांनी बाईंना फोन केला, "मी पुष्कळ विचार केला. आपण तात्पुरतं सेंट्रिंगच करू." विचार यांनी केला! माझं काही म्हणणं नाही.

ऑपरेशन झालं, सूज उतरली, पण हे दिसण्याबद्दल चकार शब्द काढेनात. विचारलं की "बघू" म्हणायचे.

तपासणीला गेलो. मी बाईंच्या मागे बसले होते, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी यांच्यासमोर हात उंच केला, तो मला त्यांच्या डोक्याआड गेला. "डोकं न हलवता वर बघा. बोटं किती?"

यांनी नजर वर नेली. मग हळूच म्हणाले, "दोन."

माझा बांधच फुटला. एवढं सगळं करून शेवटी एकाची दोनच! पदर तोंडाला लावून मी हुंदके देऊ लागले. बाई गोंधळून माझ्याकडे वळल्या. त्यांचा हात अजून वरच होता, आणि त्या हाताची उभी बोटं दोनच होती.

"अगं, रडतेस काय?" हे म्हणाले. "चार दिसली असती तर रडायचं!"