खिळ्यावरची पाटी आणि कॉलरवालीचं पोट

मित्रांनो, मी तळहाताएवढी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझं काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मी संडासला जायची पाटी आहे.

शर्ट शिवायच्या कारखान्यात, लाइन चारच्या भिंतीवर, एका खिळ्याला मी अकरा वर्षं टांगलेली होते. लाइनीत तीस बायका आणि पाटी एक. जिला जायचं तिनं उठायचं, मला खिळ्यावरून काढून एप्रनच्या खिशात टाकायचं, जाऊन यायचं आणि मला परत टांगायचं. खिळा रिकामा दिसला तर दात आवळून बसून राहायचं. हा नियम कुणी केला माहीत नाही. ज्यानं केला त्याला संडास स्वतःच्या खोलीला लागून होता, एवढं मात्र मी पैजेवर सांगते.

माझा जन्म पॅकिंग खात्यात झाला. तिथल्या सुतारानं एका मोडक्या खोक्याची फळी कापली, वर भोक पाडलं आणि लाल रंगानं माझ्या अंगावर चारचा आकडा काढला. कडा घासायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. संडासच्या पाटीला कसलं पॉलिश, असं म्हणाला. म्हणून सुरुवातीची दोन वर्षं मी कितीतरी जणींच्या बोटांत कुसळं घुसवली. पुढे हातांच्या घामानं मी आपोआप गुळगुळीत झाले.

माझं कौतुकही झालं आहे. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले. मला दोन बोटांत धरून म्हणाले, एवढंसं लाकूड, पण शिस्त बघा. मी फुगले. तेव्हा मला अक्कल नव्हती.

अक्कल मला हातांनी शिकवली. लाइनीच्या शेवटी काजं करणारी मावशी बसायची. साठीला आलेली, बोटाला कात्रीचा घट्टा. ती मला उचलताना म्हणायची, नवऱ्यानं धरला नसेल एवढा हात या पाटीनं धरलाय माझा. आणि तिसऱ्या यंत्रावर बसायची कॉलरवाली. बारा वर्षं ती फक्त कॉलर शिवत होती. तिच्या कॉलरची दोन टोकं शेजारी धरली तर जुळ्या बहिणी वाटायच्या. नवी मुलगी कामाला लागली की तिला आधी कॉलरवालीच्या मागे उभं करायचे. म्हणायचे, बघ आणि शिक.

एका सोमवारी तिच्या पोटात कळ आली. तिनं वर पाहिलं तर खिळा रिकामा. मी शेजारी कफ शिवणाऱ्या कफवालीच्या खिशात होते. कफवालीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणून ती जिन्यात उभी राहून घरी फोन करत होती. पंचवीस मिनिटं गेली. कॉलरवाली कापडावर डोळे रोवून बसली. मी खिळ्यावर परत आले तेव्हा ती धावली. खिळ्यापर्यंत सहा पावलं कमी पडली, मित्रांनो. बारा वर्षांची कारागीर, दहावीतल्या मुलीची आई, भर लाइनीत उभी राहिली आणि तिच्या पायांवरून ओघळ आला.

बायकांनी माना खाली घातल्या आणि यंत्रं जोरात चालवली, कुणाला काही ऐकू येऊ नये म्हणून. आमचा सुपरवायझर मात्र घड्याळात बघत म्हणाला, लहान मुलांनासुद्धा कळतं. बायका मागे त्याला घड्याळसाहेब म्हणत. मी त्याला त्याहून वाईट म्हणत होते, पण लाकडाचं कोण ऐकतं.

त्या दिवसापासून कॉलरवालीचं पोट खिळ्याकडे बघायला लागलं. मी खिळ्यावर असले की ती तासभर शिवायची. दुसऱ्या कुणी मला उचललं की तिच्या पोटात पीळ पडलाच. मग मी परत येताच ती उठायची. दिवसात पाच वेळा, सात वेळा. कधी जुलाब व्हायचे, कधी ती नुसतीच बसून परत यायची. तिचा हात मला लागायचा तेव्हा थंडगार आणि ओला असायचा. हे सगळं डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मावशी आणि ती माझ्याखालीच डबे उघडत, त्यामुळे तिच्या घरचंही मला कळायचं. रक्त तपासलं, शौच तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं स्वच्छ. सासूनं आधी दूध बंद केलं, मग डाळ, मग तिखट. शेवटी कॉलरवालीनं स्वतःच सकाळचं खाणं बंद केलं. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार, हा तिचा हिशेब. पण रिकामं पोट जास्तच मुरडायचं. नवरा वाईट नव्हता, पण त्यालाही कळेना. रिपोर्ट चांगले आले तर पेढे वाटायचे सोडून रडतेस काय, असं म्हणाला. घड्याळसाहेबानं तर निकालच लावला. हिच्या पोटात काही नाही, सगळे मनाचे खेळ आहेत.

इथे मला राग येतो, म्हणून जरा थांबते.

मनाचे म्हणजे खोटे, हे कुणी ठरवलं? तुम्हाला लाज वाटते तेव्हा गाल लाल होतात. ते रक्त काय नाटकातलं असतं? परीक्षेत पेपर वाटायला लागले की पोटात गोळा येतो. तो गोळा काय शेजाऱ्याकडून उसना आणता? दुखतं त्याला दुखतं. त्याची सुरुवात भीतीतून झाली असली तरी पीळ खऱ्या आतड्यालाच पडतो.

शेवटी ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी जुने सगळे कागद नीट वाचले. वजन घटलं का, रक्त पडतं का, तेही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, कधी दुखतं ते तुम्ही सांगितलंत. कधी दुखत नाही ते सांगा.

कॉलरवाली म्हणाली, "रविवारी."

असं म्हणाली आणि रडली. बाईंनी तिला समजावलं की आतड्यांना स्वतःच्या नसांचं जाळं असतं आणि त्यांचं डोक्याशी दिवसभर बोलणं चालू असतं. डोकं घाबरलं की पोटाला कळतं, पोट कळवळलं की डोक्याला. एकदा मोठी दहशत बसली की पोट हळवं होतं. साध्या हालचालीलाही संकट समजतं. कॉलरवालीनं ते मावशीला तिच्या भाषेत सांगितलं. यंत्राचा दोरा फार घट्ट धरला गेला की कापडाला चुण्या पडतात की नाही? सुई शाबूत असते, मोटर शाबूत असते. मेकॅनिक उघडून बघतो, त्याला तुटलेलं काही सापडत नाही. पण चुण्या तर दिसतात ना?

मावशी म्हणाली, मग दोरा सैल करायचा कसा ते सांग.

बाईंनी कळ थांबवायची गोळी दिली. वेळेवर आणि थोडं थोडं खायला लावलं. कळ आली की पोटावर हात ठेवायचा, श्वास पोटापर्यंत घ्यायचा आणि सावकाश, लांबवर सोडायचा, हे शिकवलं. आणि चिठ्ठी लिहून दिली की हिला गरज वाटेल तेव्हा जाऊ द्यावं. चिठ्ठी घड्याळसाहेबाच्या ड्रॉवरमध्ये गेली. वर त्यानं बजावलं, कामाच्या एका पाळीत तीनपेक्षा जास्त वेळा उठलीस तर पुढच्या महिन्यापासून धाग्याच्या टेबलावर.

धाग्याचं टेबल म्हणजे तयार शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम. जिला कात्री धरता येते ती कुणीही ते करते. कॉलरवालीच्या दृष्टीनं तिचे हातच कापून टाकण्यासारखं होतं.

ती श्वास घ्यायची, सोडायची. उपयोग होत होता. खोटं का बोलू? सातवरून पाचवर आली. पण खिळा रिकामा झाला की श्वासबीस सगळं विसरायची.

आणि मग तिच्याकडून ती गोष्ट झाली. एका सकाळी दहा वाजता ती जाऊन आली आणि मला न टांगता यंत्रावर बसली. विसरली होती. दोन मिनिटांत तिचा हात खिशाला लागला आणि मी तिथे आहे हे तिला कळलं. एवढी कॉलर झाली की टांगते, असं ती पुटपुटली. ती कॉलर झाली. दुसरी झाली. पोट गप्प होतं. किती महिन्यांनी गप्प होतं. अधूनमधून ती खिशावरून हात फिरवायची आणि पुन्हा शिवायची.

मी आत होते. ओरडता आलं नाही. बाहेर पाच जणी रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या. मावशी पाय आवळून काजं करत होती.

साडेबाराला मावशीचा धीर सुटला. पाटी कुणाकडे आहे गं, असं तिनं विचारलं. घड्याळसाहेबानं माणसं मोजली. तीसच्या तीस जागेवर आणि खिळा मोकळा. कॉलरवाली उठली आणि मला तिनं बाहेर काढलं. मावशीनं मला तिच्या हातातून हिसकावलं आणि ती धावली. परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

चुकून राहिली म्हणाली असती तर कॉलरवाली सुटली असती. घड्याळसाहेबानं तर धाग्याच्या टेबलाचं नाव काढलंच होतं. तिनं पोटावर हात ठेवला आणि एक लांब श्वास सोडला.

"साहेब, चुकून नाही राहिली. मी मुद्दाम ठेवली. माझ्यावर जे बेतलं तेच मी यांच्यावर आणलं. यांची माफी मागते, तुमची नाही."

घड्याळसाहेब काही बोलणार होता. तिनं बोलू दिलं नाही.

"दहापासून मी एकदाही उठले नाही. विचारा कुणालाही. माझ्या पोटाला सारखं जायचं नव्हतंच. जाता येईल, एवढंच त्याला कळायला हवं होतं. तुम्ही म्हणता मनाचे खेळ. असतील. पण हा खेळ मांडलाय तुमच्या त्या खिळ्यानं."

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या, कारण सगळ्यात जास्त हाल तिचे झाले होते. मावशीनं मला कॉलरवालीच्या यंत्रावर आपटलं.

"पुन्हा असं केलंस तर कान उपटीन," ती म्हणाली. मग घड्याळसाहेबाकडे वळली. "आणि मलापण एक पाहिजे. खिशात."

दुसऱ्या दिवशी कटिंग खात्यातून पुठ्ठे आले. मापं काढायचे जुने, टाकून दिलेले. त्यातून मावशीनं तीस पाट्या कापल्या आणि प्रत्येकीवर चारचा आकडा घातला. जिची तिच्या खिशात. घड्याळसाहेब ओरडला, सगळ्यांना धाग्याच्या टेबलावर बसवीन म्हणाला. कफवाली म्हणाली, बसवा की, पण साहेब, तिथे चारच स्टुलं आहेत.

आठवडा गेला. कारखाना बुडाला नाही. बायका पूर्वी उठत तेवढ्याच उठल्या, किंबहुना थोड्या कमीच. मालक येऊन लाइनीवरून चालत गेले आणि भिंतीकडे न बघता परतले. शिस्तीचं कौतुक करायला या वेळी हातात काही नव्हतं.

कॉलरवाली तिसऱ्या यंत्रावरच आहे. तिचं पोट बरं झालं का? पूर्ण नाही. लेकीच्या परीक्षेच्या आठवड्यात ते पुन्हा पिळलं. ती गोळी घेते, वेळेवर खाते, श्वास सोडते, उठते, जाऊन येते आणि पुढची कॉलर हातात घेते. कुणापासून तोंड लपवत नाही.

मला चिंध्यांच्या पोत्यात टाकलं होतं. मावशीनं बाहेर काढलं आणि कॉलरवालीच्या यंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. आता मी तिथे आहे. अंगावर यंत्र थरथरतं आणि रंग निघून गेला आहे. तक्रार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची वाट अडवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. माझी जात जपायच्या लायकीची नाही. लाइन पाचच्या भिंतीवर माझ्यासारखी पाटी अजून लटकते आहे. तुमच्या वर्गातही एखादी असेल. ती लाकडाची नसेल, बाईंच्या कपाळावरच्या आठीची असेल. जपायचं असेल तर पोट जपा, स्वतःचं आणि शेजारच्याचं. शेजारचा उठला तर हसू नका. एखादी सारखी उठत असेल तर तिला नाटकी म्हणू नका. तिला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि मोठ्यांना सांगा की हिला दवाखान्यात न्या.

आणि कळ तुमच्याच पोटात आली, तर जाऊ का म्हणून तोंडाकडे बघत बसू नका. जाऊन येते म्हणा, आणि उठा.