उलटं ठेवलेलं खोकं

लाल ठिपका फळीच्या लेबलावर थरथरत स्थिरावला, हातातलं यंत्र पीप म्हणालं, त्याच्या छोट्या पडद्यावर खोक्याचा क्रमांक हजर झाला—आणि समोरचा खण रिकामा होता. शिडीवरचा तोल सांभाळत तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पीप. यंत्राचं म्हणणं ठाम होतं की खोकं इथेच आहे, सगळ्यांत वरच्या फळीवर, तिच्या नाकासमोर. आणि ते इथे कुणी ठेवलं, तर पडद्याच्या तळाशी तिचाच क्रमांक झळकत होता. फळीवर धूळ होती, सलग, कुठेही न मोडलेली. म्हणजे कुणी खोकं काढून नेलंय असंही नाही... ते इथे कधी आलंच नव्हतं.

“मी तिथेच ठेवलं होतं,” सकाळी ती साहेबांना म्हणाली होती. फाडकन. विचारही न करता.

साहेब तिच्यापेक्षा वयानं बरेच लहान, पण माणूस सरळ. ते म्हणाले, “ताई, तुम्ही ठेवलं म्हणजे असणारच. जरा शांतपणे बघा. ज्या कारखान्याचं ते खोकं, त्यांच्या वकिलांना संध्याकाळपर्यंत त्यातला मूळ करार हवाय. स्कॅन केलेली प्रत त्यांना चालणार नाही.”

तुम्ही ठेवलं म्हणजे असणारच! इतकी वर्षं हे वाक्य ऐकून तिला बरं वाटायचं, आज ते टोचलं. कारण लोकांची जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या या गोदामात खोकी कंपनीवार लावतच नाहीत. कापडवाल्यांच्या पावत्यांशेजारी दवाखान्याचे केसपेपर, त्याच्याखाली बिल्डरचे नकाशे—जिथे जागा रिकामी तिथे खोकं, आणि कुठलं कुठे हे ठाऊक फक्त संगणकाला. आधी खोकं फळीवर ठेवायचं, मग यंत्रानं खोक्याचं लेबल वाचायचं, मग फळीचं लेबल. हा क्रम ती नव्या मुलींना पाढे शिकवल्यासारखा शिकवायची. क्रम चुकला की खोकं गेलंच म्हणून समजा. चोरीला जात नाही बिचारं, इथेच असतं, पण असून नसल्यासारखं.

असून नसल्यासारखं... आईसुद्धा तशीच, शेवटी शेवटी.

आईची सुरुवात इस्त्रीपासून झाली. इस्त्री सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं आणि ती निघाली उशांच्या कपाटात, दोन उशांच्या मधे, वायर व्यवस्थित गुंडाळलेली. आई ठामपणे म्हणाली, “मी ठेवलीच नाही. तुमच्यापैकीच कुणाची तरी करामत.” तेव्हा सगळे हसले होते, आईसुद्धा. मग किल्ल्या, मग दुधाचं पातेलं, मग शेजारणीचं नाव, आणि एका सकाळी आईनं दारात उभ्या असलेल्या तिलाच विचारलं, “तुम्हाला कोण हवंय बाई?” अगदी अदबीनं, अगदी गोड आवाजात.

ती शिडीवरून उतरली. वरची रांग, खालची फळी, डावा खण, उजवा खण—चुकलेलं खोकं बहुधा शेजारीच सापडतं, हात फार लांब चुकत नाही. नव्हतं. पलीकडच्या ओळीत नव्हतं. स्कॅनिंगच्या खोलीत, जिथे मुली टाचण्या काढत बसतात, तिथेही नव्हतं. कराराचं काही नाही. साहेब चिडतील, वकील ओरडतील, ते सोसता येतं. पण मी मागच्या महिन्यात या हातांनी एक खोकं उचललं आणि कुठेतरी ठेवलं, आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही... काहीच नाही. तो दिवसच कुणी अलगद काढून घेतल्यासारखा.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. लेकीचा.

“आई, उद्याचं लक्षात आहे ना? डॉक्टरांकडे जायचंय.”

लेकीला परवा तिनं एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, एवढंच. पण लेकीनं आजीला पाहिलेलं. लगेच अपॉइंटमेंट.

“उद्या जमणार नाही गं. इथे खोक्यांची मोजणी आहे,” ती म्हणाली. मोजणीबिजणी काही नव्हती.

“नुसतं बघून यायचंय, आई.”

“बघू,” म्हणून तिनं फोन ठेवला. नुसतं बघून यायचं! डॉक्टर हसऱ्या चेहऱ्यानं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगणार, आज वार कुठला विचारणार, आईला विचारलं होतं तसं—आणि मग लेक गाडीत खिडकीबाहेर बघत बसणार, मी बसले होते तशी.

ती त्याच ओळीत परत आली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, रिकाम्या खणाकडे पाठ करून. समोर दुसरं कपाट होतं, त्याची सगळ्यांत खालची फळी गुडघ्यांच्या समोरच. खोक्यांची रांग, प्रत्येकाच्या पोटावर पांढरं लेबल. लेबल, लेबल, लेबल... आणि एक कोरं. कोऱ्या पुठ्ठ्याची पाठ. तोंड फिरवून बसलेलं.

तिनं ते ओढून काढलं, फिरवलं. क्रमांक तोच.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आजूबाजूला शोधलं, वर शोधलं, पण वळून पाठीमागे पाहायचं सुचलं नव्हतं. आणि आता ते समोर होतं आणि तरीही आठवत नव्हतं. उशांच्या मधे नीट ठेवलेली इस्त्री. मी ठेवलीच नाही. म्हणजे हे असं असतं तर... काही दुखत नाही, खुपत नाही, नुसती एक कोरी बाजू आपल्याकडे येते.

तिनं डोळे मिटण्यासाठी मान मागे टाकली, आणि वरच्या ट्यूबचा उजेड डोळ्यांत घुसला. ओळीतल्या बाकीच्या ट्यूब पिवळट पडलेल्या आणि ही एकच पांढरीशुभ्र, नवी—

वायरमन.

शिडी! शिडी त्याच्याकडे होती. ही ट्यूब लुकलुकत होती म्हणून तो शिडीच्या टोकावर चढून बसलेला, ती खाली खोकं पोटाशी धरून उभी. तिची कंबर धरली होती त्या दिवशी. वेळ वाचवायला तिनं यंत्रानं आधीच खोक्याचं लेबल वाचून टाकलं, खालूनच नेम धरून वरच्या फळीचंही—आपणच बांधलेला क्रम, आपणच मोडला!—मग खोकं मागच्या फळीवर ‘जरा वेळ’ टेकवलं, घाईत उलटंच, आणि म्हणाली, “उतरताय का? शिडी हवीय.” तर तो वरून म्हणाला, “ताई, जन्मात पहिल्यांदा एवढ्या वर पोचलोय, लगेच खाली ओढू नका.” आणि ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ट्यूब लागली, तो उतरला, बोलत बोलत शिडी खांद्यावर टाकून निघून गेला, आणि तीही बोलत बोलत त्याच्या मागोमाग.

सगळं होतं. त्याचा निळा सदरा होता, कंबरेची कळ होती, हसू होतं. चूक तिची होती, शंभर टक्के तिची, आळशीपणाची, कुणाही धडधाकट माणसाची असते तशी! मोकळं, मोकळं वाटलं तिला. खोकं मांडीवर घेऊन ती एकटीच हसत बसली.

साहेबांकडे खोकं पोचवून ती मुद्दाम मीटरच्या खोलीवरून गेली. वायरमन डबा धूत होता.

“त्या दिवशी शिडीवर बसून काय म्हणाला होतात, आठवतं?”

“मी? कुठली शिडी?” तो गोंधळला. “काही चुकीचं बोललो का, ताई?”

“नाही हो. लाख बोललात.”

त्याला आठवत नव्हतं! वीसेक वर्षांनी लहान झाल्यासारखी ती पायऱ्या उतरली. बाहेर ऊन कललं होतं. लेकीला फोन लावला. “उद्या येते गं. मोजणी नव्हतीच, खोटं बोलले.” पलीकडे लेक जोरात हसली.

फोन ठेवल्यावरही ती फाटकाशी थोडी उभी राहिली. उद्या डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. आज तरी ट्यूब लागली होती. आणि मग, हसू अजून ओठांवर असतानाच, तिला आई दिसली, उशांच्या कपाटासमोर उभी, हातात इस्त्री... इस्त्रीकडे नव्हे, वर कुठेतरी बघत असलेली. मी तेव्हा म्हणत होते, आई, हट्ट करू नकोस, कबूल कर. ती हट्ट करत नव्हती. ती नुसती मान वर करून शोधत होती, आणि तिच्या डोक्यावर कुठलीच ट्यूब लागत नव्हती.

“असू दे गं,” ती पुटपुटली, आईला की स्वतःला तिला नीट कळलं नाही, आणि घराकडे चालू लागली.