फिटरची खिडकी

पाइपलाइन फुटून ओढ्यात इंधन उतरलं, तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येकाचा एक डोळा ओढ्यावर आणि दुसरा फिटरच्या खिडकीवर होता. फिटर कंपनीतला. सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो तवंग अडवायला तरंगते पट्टे बांधत होता. घरात त्याची आई, बायको आणि तान्ही लेक.

"फिटरची बायको निघाली की आपण निघायचं," समोरच्या शिंप्याने जाहीर करून टाकलं होतं. "आतल्या गोटातली माणसं. त्यांना आधी कळणार."

तिला कळत होतं कपाळ! कंपनीवाले भोंग्यावर सांगून गेले होते, खिडक्या लावा, गॅस पेटवू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. तिने फटींत ओले टॉवेल कोंबले, काडेपेटी माळ्यावर टाकली आणि स्वतःच बुजवलेल्या त्या खोलीत लेकीला मांडीवर घेऊन बसली. मान वर केली की काचेपलीकडे शिंपी. तोही तिच्याकडेच बघत.

दुपारी फिटर खिडकीखाली आला.

"माहेरी जाऊ का रे हिला घेऊन?" तिने काचेतूनच विचारलं.

"वेडी आहेस का? तू पिशवी उचललीस की अख्खी गल्ली मागे धावेल. आपल्याच लोकांनी पळापळ करायची नाही, असं साहेबांनी बजावलंय. धोका नाही म्हणतात."

"म्हणतात! तुला काय वाटतं?"

"मी आहे ना इथेच," एवढं म्हणून तो गेला. इथेच म्हणजे ओढ्यात.

ऊन कलताना इंधनाचा वास गेला.

"बघ, केलं की नाही माझ्या लेकाने बंद?" सासूबाई म्हणाल्या. "उगाच घर डोक्यावर घेतलं होतंस."

तिलाही हायसं वाटलं. डोकं तेवढं ठणकत होतं. लेकही शहाण्यासारखी झोपली होती, दुधाची वेळ टळली तरी.

दारावर थाप पडली. नणंद आली होती, दूध पावडरचा डबा घेऊन. दार उघडताच तिने ओढणी नाकाला लावली आणि उंबऱ्यातच खोकत सुटली.

"अगं बाई! बसलात कशा या वासात?"

"वास? तो तर मघाशीच गेला."

"गेला कुठला! नाकं मेलीत तुमची."

तिने मांडीकडे पाहिलं. लेकीच्या तळपायाला चिमटा काढला. एरवी लंगोट ओला झाला तरी गल्ली जागवणारी पोर. तिने नुसतं कण्हल्यासारखं केलं. डोळेही उघडले नाहीत.

पिशवीबिशवी तशीच राहिली. तिने लेकीला छातीशी धरलं.

"अगं, त्याला विचारून तरी..."

"विचारलं होतं, आई."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थांब, चपला घालू दे."

शिंपी पायरीवरून उठला. "वहिनी, कंपनीने सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय. निघा!"

मागे कड्या वाजू लागल्या. "फिटरची बायको निघाली!" कोणीतरी ओरडलं आणि दारं उघडत गेली.

नाक्यावर कंपनीने रस्ता अडवायला दोर बांधला होता. फिटर ओढ्यातून धावत आला, नखशिखांत निथळत. त्याने लेकीसाठी हात पुढे केले.

"लांब हो!" ती मागे सरली. "तुझ्या अंगालाच आहे ते सगळं. ही उठत नाहीये रे."

त्याचे हात तसेच राहिले. मग त्याने दोर धरला आणि जमेल तेवढा वर उचलला. ती वाकून पलीकडे गेली. नाक्यावरचा वारा लेकीच्या तोंडावर आला. ती खोकली, नाक आक्रसलं, आणि मग असा काही टाहो फोडला की सासूबाई रडता रडता म्हणाल्या, "रड गं माझे बाई, हवं तेवढं रड!"

"फिटर!" खालून साहेब ओरडले. "पट्टा सुटतोय! आणि ही माणसं कोणी सोडली?"

शिंपी वाकून गेला. त्याच्या मागे त्याची म्हातारी, मग शेजारची दोघं. गल्ली अजून संपली नव्हती. फिटरने मागे वळून पाहिलं नाही. दोर उचलून धरून तो अलीकडेच उभा राहिला.